स्वर्गीय नर्तकाचे उत्तरायण

मराठीत स्वर्गीय नर्तक किंवा स्वर्गनाचण, हिंदीत दूधराज किंवा शाह बुलबुल आणि शास्त्रीय परिभाषेत टर्प्सिफोनी पॅराडिसी या नावांनी ओळखला जाणारा पक्षी भारतीय उपखंडातील माशीमारांमध्ये ओळखायला सर्वांत सोपा मानला जातो. काळेभोर चकचकीत डोके, त्यावर टोकदार तुरा, डोळ्याभोवती निळे कडे, बुलबुलाएवढे शरीर आणि त्या शरीराहून लांब, फितीसारखी लोंबणारी शेपटीची दोन मधली पिसे, एवढ्या खुणा पटल्यावर दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याचा संशय उरत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. या एकाच जातीत लांब शेपटीचा पांढराशुभ्र नर, तितक्याच लांब शेपटीचा तांबूस नर, आखूड शेपटीची तांबूस मादी आणि जवळपास तिच्यासारखाच दिसणारा कोवळा नर अशी चार रूपे एका वेळी वावरत असतात, आणि समोर दिसणाऱ्या रूपाचा अर्थ पक्ष्याकडे पाहून जितका कळतो त्याहून अधिक ते रूप कोणत्या ठिकाणी व कोणत्या महिन्यात दिसले यावरून कळतो. जानेवारीत श्रीलंकेतील सिगिरियाच्या रानात सुरू झालेला आणि जूनमध्ये काश्मीरमधील दाचीगामच्या ओढ्याकाठी संपलेला हा प्रवास ठिकाण आणि महिना यांचे हे गणित समजून घेण्यासाठीच आखलेला होता.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. सिगिरिया सुमारे 8 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि श्रीनगर 34 अंशांवर. एकच स्वर्गीय नर्तक हा सारा पल्ला उडून जातो असे समजण्याचे कारण नाही. मध्य व दक्षिण भारतात वीण करणारे पक्षी, म्हणजे पॅराडिसी ही उपजाती, हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात आणि त्यांपैकी काही श्रीलंकेत पोहोचतात. हिमालयाच्या पश्चिम भागात वीण करणारी ल्युकोगॅस्टर ही उपजाती थंडीच्या आधी पर्वत सोडून मैदानांकडे आणि द्वीपकल्पाकडे उतरते. आणि श्रीलंकेची स्वतःची सेलोनेन्सिस ही उपजाती मात्र बेट सोडून कोठेही जात नाही. म्हणजे हे स्थलांतर एका पक्ष्याच्या भरारीपेक्षा वारीतल्या दिंड्यांसारखे आहे, जिथे प्रत्येक दिंडीचा मुक्काम निराळा असतो पण वाटचालीची दिशा सर्वांची एकच असते. वसंतात ही दिशा उत्तरेची असते, आणि प्रवासाने तीच धरली.

सिगिरियाचा खडक रानातून एकाएकी वर उसळलेला दिसतो. पाचव्या शतकात पित्याला ठार करून गादीवर आलेल्या राजा कश्यपाने (राज्यकाळ इ.स. 477 ते 495) त्याच्या माथ्यावर राजवाडा आणि पायथ्याशी खंदक, कारंजी व जलोद्याने बांधली. आज राजवाड्याचा पाया तेवढा शिल्लक आहे, पण खंदकात पाणी आहे आणि त्या पाण्यावर वाकलेली झाडे आहेत, आणि नर्तकाला कश्यपाच्या वैभवातले नेमके एवढेच हवे असते. भूगोलाच्या पुस्तकात हा भाग श्रीलंकेचा ‘कोरडा प्रदेश’ म्हणून नोंदलेला असल्याने दख्खनच्या पठारावरून जाणारा माणूस जानेवारीत तेथे भुरकट गवत आणि निष्पर्ण झाडे पाहण्याच्या तयारीने जातो, आणि प्रत्यक्षात त्याला दिसते ते ओलेचिंब, गच्च हिरवे रान. याचे कारण असे की बेटाच्या या बाजूला मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर जानेवारीपर्यंत चालू राहतो. आपल्याकडचा नैऋत्य मोसमी पाऊस मध्य डोंगरांच्या पश्चिम उतारावर रिता होऊन येथे पोहोचेपर्यंत कोरडा झालेला असतो. याच विषम पावसामुळे येथील राजांनी शतकानुशतके तलाव बांधले (जवळचा मिन्नेरिया तलाव तिसऱ्या शतकातील महासेन राजाचा), आणि याच पावसामुळे मध्य भारतातील जंगले पाने गाळू लागतात तेव्हा येथे उडत्या किड्यांचा सुकाळ असतो. माशीमाराला किड्यांमागे जावे लागते. किडे पानांमागे आणि पाने पावसामागे जातात.

खंदकाच्या एकाच वळणावर तांबूस लांब शेपटीचा नर आणि पांढरा लांब शेपटीचा नर असे दोन्ही दिसले, आणि येथे ओळखीचा पहिला नियम हाती आला. श्रीलंकेच्या निवासी उपजातीतील नर वय वाढले तरी पांढरा होत नाही, तो जन्मभर तांबूसच राहतो. त्यामुळे या बेटावर दिसणारा प्रत्येक पांढरा नर समुद्र ओलांडून आलेला पाहुणा असतो आणि एप्रिल सरता सरता तो परत गेलेला असतो. तांबूस दिसला तर मात्र तो घरचा की बाहेरचा हे एवढ्यावरून सांगता येत नाही, कारण पाहुण्यांमधील कोवळे नर आणि माद्याही तांबूसच असतात. सिंहली भाषेने या दोन रंगांना दोन स्वतंत्र नावे दिली आहेत. पांढऱ्याला ‘सुदु रेदि होरा’, म्हणजे पांढऱ्या कापडाचा चोर, आणि तांबड्याला ‘गिनि होरा’, म्हणजे आगीचा चोर. कापडाचा तागा बगलेत मारून झाडांतून पळणारा चोर, ही कल्पना पक्ष्याचे उड्डाण एकदा पाहिलेल्या कोणालाही पटेल. मराठी कानाला आणखी एक गंमत जाणवते. सिंहली ही आर्यकुलातील भाषा असल्याने ‘सुदु’ हे ‘शुद्ध’चे, ‘गिनि’ हे ‘अग्नी’चे आणि ‘होरा’ हे ‘चोर’चेच रूप आहे, त्यामुळे इतक्या दूरच्या रानातले हे नाव परके वाटत नाही.

सिगिरियाहून दक्षिणेकडे चहाच्या डोंगरांत नुवारा एलियाला एक छोटा वळसा घातला तो दुसऱ्याच पक्ष्यासाठी. तेथील व्हिक्टोरिया पार्क या सार्वजनिक बागेत काश्मिरी माशीमार हिवाळा काढतो. हा खऱ्या अर्थाने काश्मीरहून आलेला असतो, आणि ज्या बागेत शाळेच्या सहली खेळत असतात तिच्याच कडेच्या नाल्यावर, छातीवर गडद तांबडा रंग मिरवत, तो किडे टिपत बसतो. नर्तकाने ज्या प्रवासाचे तुकडे पाडून वाटून घेतले आहेत तो प्रवास हा मूठभर वजनाचाही नसलेला पक्षी एकटा पुरा करतो.

तलैमन्नार आणि धनुष्कोडी यांमधील समुद्र सुमारे 30 किलोमीटर रुंद आहे. वीस ग्रॅमच्या आसपास वजनाच्या आणि बहुधा झाडाआडून झाडाआड जाणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने ही मोकळ्या पाण्याची पट्टी लहान म्हणता येणार नाही, विशेषतः नराला आपल्या शेपटीचे लटांबर सांभाळत ती ओलांडायची असते तेव्हा. पलीकडे तमिळ प्रदेशात त्याचे नाव ‘अरसवाल ईप्पिडिप्पान’, म्हणजे राजेशाही शेपटीचा माशी पकडणारा, असे सरळ वर्णनात्मक आहे. केरळमध्ये पोहोचल्यावर मात्र ते ‘नाकमोहन’ होते, आणि मराठी माणूस पहिल्यांदा ते ऐकतो तेव्हा हसू आवरत नाही. संस्कृतात ‘नाक’ म्हणजे स्वर्ग. मराठीने तो अर्थ सोडून दिला आणि मल्याळम भाषेने पक्ष्याच्या नावात तो जपून ठेवला.

पेरियार नदीच्या उत्तर काठावरचे तट्टेक्काड हे अभयारण्य 25 चौरस किलोमीटरचे, म्हणजे क्षेत्राने लहानच आहे. सलीम अली यांनी 1933 साली त्रावणकोर-कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करताना हे रान पाहिले आणि त्यांच्या शिफारशीला पन्नास वर्षे उलटल्यावर, 1983 मध्ये, ते अभयारण्य झाले. त्याच्या भोवती रबराच्या बागा आणि सागाची लागवड आहे. रबराच्या बागेत झाडे ओळीने उभी असतात, सावलीही दाट असते, पण खालची झुडपे काढून टाकलेली असल्यामुळे नर्तक तेथे क्वचित थांबतो. त्याला जंगलाचा मधला मजला लागतो, म्हणजे डोक्यावर छप्पर, पायाखाली झुडपे आणि दोहोंच्या मध्ये झेप घ्यायला मोकळी हवा.

हिवाळ्यात तो एकटा शिकार करीत नाही हे तट्टेक्काडला स्पष्ट दिसते. भृंगराज कोतवाल, निखार, काळ्या मानेचा निळा माशीमार आणि झाडाच्या खोडावर उलटे चालणारे शिलींध्री असे पाच-सात जातींचे पक्षी एकत्र तांडा करून रानातून सरकतात. एकाने पाने हलवली की उडणारे किडे दुसरा टिपतो आणि शिकरा आला तर कोतवाल सर्वांच्या वतीने ओरडतो. या तांड्याकडे पाहताना ‘माशीमार’ या शब्दाविषयी सावध व्हावे लागते. हा शब्द धंद्याचा आहे, नात्याचा नाही. उडते किडे हवेत पकडण्याची रीत अनेक कुळांनी स्वतंत्रपणे उचलली आहे. टिकेलचा निळा माशीमार किंवा वर उल्लेखलेला काश्मिरी माशीमार हे दयाळ आणि कस्तुर यांच्या जवळचे, तर स्वर्गीय नर्तक आणि काळ्या मानेचा निळा माशीमार हे मोनार्क कुळातले असून त्या कुळाचे जवळचे नातलग म्हणजे कोतवाल, नाचण आणि थोडे मागे गेल्यास कावळे. लिनियसने 1758 मध्ये या पक्ष्याला पहिले शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने तो कावळ्यांच्या प्रजातीत घातला होता. पुढच्या अभ्यासकांनी ती चूक म्हणून दुरुस्त केली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की, तो अंदाज अगदीच वावगा नव्हता. सध्याचे प्रजातिनाम टर्प्सिफोनी याचा ग्रीक अर्थ आनंद देणारा स्वर असा होतो. ज्याने या पक्ष्याची नेहमीची कर्कश, नाकातून काढल्यासारखी ‘च्वेक’ ऐकली आहे त्याला नाव ठेवणाऱ्याच्या कानांविषयी शंका येईल, जरी विणीच्या दिवसांत नर बरे गातो हेही खरे.

सह्याद्रीच्या कडेने उत्तरेकडे जाताना पुढचा मोठा मुक्काम काळी नदीच्या खोऱ्यात, दांडेलीजवळच्या गणेशगुडीला पडला. सुपा धरण बांधताना लागणारी स्फोटके ज्या कोठारात ठेवली जात ती इमारत आता पक्षिनिरीक्षकांचे ठिकाण झाली आहे. ज्या धरणासाठी ती उभी राहिली त्याच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, आणि तेथील कोकणी व मराठी बोलणारी कुटुंबे रामनगरला वसली. कोठाराच्या अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याची उथळ भांडी मांडलेली आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस, दुपार कलताना, नर्तकाची अंघोळ तेथे अगदी जवळून पाहता येते आणि तिच्यातून पक्ष्याच्या शरीररचनेचा उलगडा होतो. बुलबुल पाण्यात उतरून पंख फडफडवतो. नर्तकाचे पाय इतके आखूड असतात की तो पाण्यात उभा राहत नाही, फांदीवरून सूर मारून पृष्ठभागाला छाती लावतो आणि त्याच झेपेत परत फांदीवर येतो. हवेतला किडा तो ज्या रीतीने पकडतो त्याच रीतीने तो पाणीही अंगावर घेतो. उंच, ताठ बसणे आणि जमिनीवर न उतरणे ही त्यामुळे दुरून ओळखण्याची, रंगाहून अधिक भरवशाची खूण ठरते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कर्नाळा. पनवेलजवळचे हे महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य 1968 मध्ये जाहीर झाले. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतो, आणि वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण गाव येथून हाकेच्या अंतरावर आहे. महामार्ग अभयारण्याला चिरून जातो, त्यामुळे तांड्याचा आवाज ऐकण्यासाठी मालमोटारींच्या दोन खेपांमधली शांतता गाठावी लागते. कर्नाळ्याला हिवाळाभर येणाऱ्या नर्तकांपैकी त्या दिवशी दोन तांबूस, आखूड शेपटीचे पक्षी दिसले. वर तांबूस, खाली मळकट पांढरे, गळा राखाडी, तुरा लहान, डोळ्याभोवतीचे कडे फिके. नोंदवहीत ‘माद्या, 2’ असे लिहिले गेले.

घाट चढून सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत गेल्यावर परिस्थिती पालटते. येथे रान म्हणजे ओघळींच्या कडेने उरलेली झाडी, आणि मार्च उजाडला की पाणी दोन-चार डबक्यांत गोळा होते. नेमक्या त्या डबक्यांवर नर्तक, टिकेलचा निळा माशीमार आणि हिमालयातून उतरलेले इतर माशीमार येतात. त्यांच्यामागे पुण्याहून छायाचित्रकार येतात. पाणवठ्याकाठी पहाटेपासून तीन पायांच्या घोड्या मांडून बसणाऱ्यांची संख्या एखाद्या रविवारी पक्ष्यांहून अधिक असते. पाण्याची सोय करणे हे पुण्यकर्म म्हणता येईल, पण पक्षी समोर यावा म्हणून त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवणे आणि पार्श्वभूमी चांगली मिळावी म्हणून फांद्या तोडून नव्या फांद्या रोवणे याला निरीक्षण म्हणवत नाही. गडाखालच्या वस्त्यांतील बायाबापड्यांनी पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही विकून या हौशीवर आपला संसार उभा केला आहे, हीही या दरीच्या अर्थकारणाची एक बाजू. येथे पांढरे नर दिसले, तांबूस लांब शेपटीचे दिसले आणि एक असाही दिसला की ज्याच्या तांबूस पाठीवर पांढऱ्या पिसांचे ठिगळ होते. श्रीलंकेत पांढरा रंग परदेशाची खूण होता. येथे तो वयाची खूण होतो. द्वीपकल्पातला नर पहिल्या वर्षी मादीसारखा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला लांब शेपटी फुटते, पण रंग तांबूसच राहतो, आणि त्यानंतर पिसे बदलताना तो पांढरा होतो. ठिगळांचा नर या उंबरठ्यावर उभा होता. एकाच झाडावरचे दोन रंगांचे नर म्हणजे दोन जाती असाव्यात असा समज पूर्वीच्या काळी झाला होता, आणि कालमान लक्षात घेतले नाही तर तो आजही होऊ शकतो.

दरीतले नर्तक एप्रिलमध्ये विरळ होत जातात. महाराष्ट्रात ते वीण करीत नाहीत असे मात्र नाही. त्यासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात जावे लागते. मे महिन्याच्या मध्यावर, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, सातपुड्यातील सागाचे जंगल पाहून येथे सावली आवडणारा पक्षी राहतो यावर विश्वास बसत नाही. साग निष्पर्ण असतो, पाचोळ्यावर पाय ठेवला की काच फुटल्यासारखा आवाज होतो. परंतु सिपना नदीच्या पात्राकडे उतरले की शंभर पावलांत जंगल बदलते. जांभूळ, अर्जुन, करंज, आंबा यांची हिरवी कमान पात्रावर वाकलेली असते आणि खाली डोहांची माळ असते. या भागातील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडची आहे, आणि त्या भाषेत ‘सिपना’ म्हणजे साग. ज्या नदीच्या काठावर साग माघार घेतो तिलाच सागाचे नाव मिळाले आहे.

या प्रवासातील सर्वांत मोठे आश्चर्य या कमानीखाली दिसले. डोहावर वाकलेल्या जांभळाच्या बारीक फांदीच्या बेचक्यात, माणसाच्या डोक्याहून थोड्याच उंचीवर, तंतू व गवताच्या काड्या कोळ्याच्या जाळ्याने बांधून केलेली वाटी होती. बाहेरून तिला कोळ्यांच्या अंड्यांचे पांढरे कोश चिकटवलेले होते. आणि तिच्यात पांढरा नर अंडी उबवत बसला होता. त्याची शेपटी वाटीच्या काठावरून दोन पांढऱ्या दोऱ्यांसारखी खाली लोंबत होती आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर हलत होती. भडक रंगाच्या पक्ष्यांत नराने घरट्यापासून दूर राहावे आणि फिक्या रंगाच्या मादीने उबवण्याचे काम करावे असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. नर्तकाने तो धुडकावून लावला आहे. घरटे बांधणे, तीन-चार गुलाबीसर, ठिपक्यांची अंडी चौदा ते सोळा दिवस उबवणे आणि पिल्लांना भरवणे ही सारी कामे दोघे वाटून घेतात. इतक्या ठळक खुणेचा धोका कमी करण्याची त्यांची एक युक्ती त्याच झाडापासून हाकेच्या अंतरावर बसलेली होती. कोतवालाची वीण चालू असते तेव्हा तो कावळ्यालाच काय, घारीलाही जवळ फिरकू देत नाही. नर्तक कित्येकदा अशा कोतवालाच्या शेजारी घर करतो आणि पहारा फुकट मिळवतो. कोतवाल हे नाव त्याला गावकऱ्यांनी दिले, तरी त्या नावाचा खरा लाभ या शेजाऱ्याने घेतला आहे.

वीण नेमकी मे ते जुलै या काळातच का, हे या पात्रात उभे राहिले की कळते. पावसाची पहिली सर सातपुड्यात साधारण जूनच्या मध्यावर येते, पण झाडांना तिची चाहूल आधीच लागलेली असते. करंज आणि जांभूळ यांची पालवी व मोहोर उन्हाळ्यातच येतो आणि त्यावर किडे जमतात. अंडी फुटेपर्यंत पाऊस दारात असतो, पिल्ले नऊ ते बारा दिवसांत घरटे सोडतात तेव्हा रान किड्यांनी भरलेले असते. याच आठवड्यांत माणसांचाही हंगाम असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचून होतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडली जातात, आणि विडीसाठी बांधलेल्या या पानांच्या पुड्यांवर कोरकू व गोंड कुटुंबांचे वर्षातले मोठे रोख उत्पन्न अवलंबून असते. शेजारच्या मध्य प्रदेशाने तेंदूपानांचा व्यापार 1964 मध्येच कायद्याने सरकारी नियंत्रणाखाली आणला. मोहफुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपांना आग लावण्याची जुनी सवय आहे, आणि ती आग पसरली की नर्तकाला हवा असलेला मधला मजला जळतो. नदीकाठच्या ओलाव्याने ही आग थोपवली जाते म्हणूनच पक्षी तेथे टिकून आहे. वेचणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न संपणार नाही, कारण झाडाखाली कापड अंथरण्याइतका फावला वेळ आणि जास्तीचे कापड दोन्ही त्याच्यापाशी नसतात.

पचमढीला फार थांबण्याचे कारण नव्हते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाजवलेले हे पठार सातपुड्यात सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्या घळींतील जांभूळ-आंब्याच्या गर्दीत सिपनाकाठचेच दृश्य अधिक थंड हवेत पुन्हा दिसते. मध्य प्रदेशाने दूधराजाला राज्यपक्षी केले आहे. नावाप्रमाणे राज्याच्या चित्रांत नेहमी पांढरा नरच असतो; मादीला राज्यपद मिळालेले नाही.

गंगेचे मैदान रात्रीच्या अंधारात मागे पडले, आणि कुमाऊँच्या पायथ्याच्या रानांत एक-दोन दिवस काढून, जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रवास काश्मीरच्या खोऱ्यात शिरला. उष्ण कटिबंधातला म्हणून ओळखला जाणारा पक्षी चिनारावर बसलेला पाहणे हा धक्का असतो. येथे मोसमी पावसाचे राज्य नाही. हिमालयाची ही बाजू हिवाळ्यातल्या पश्चिमी वाऱ्यांच्या बर्फावर जगते, झाडे एप्रिलमध्ये पालवतात, आणि पानांपाठोपाठ किडे व किड्यांपाठोपाठ नर्तक येथे पोहोचतो. त्याची घरटी निबिड रानापेक्षा माणसाच्या वस्तीलगत अधिक आहेत, आणि ती ज्या झाडांवर आहेत त्यांची यादी म्हणजे खोऱ्याच्या अर्थकारणाचीच यादी आहे. तुती लावली ती रेशमाच्या किड्यांसाठी, विलो लावला तो टोपल्या आणि क्रिकेटच्या बॅटींसाठी, पॉपलर लावला तो सफरचंदांच्या खोक्यांसाठी, आणि या सर्वांना पाणी मिळावे म्हणून काढलेल्या पाटांच्या काठी नर्तकाला सिपनाकाठची सावली परत मिळाली. सफरचंदाच्या बागांत मात्र हंगामात वारंवार औषधे फवारली जातात, आणि किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्याच्या विणीचे आठवडे आणि फवारणीचे आठवडे बरेचसे एकच असतात.

श्रीनगरपासून 22 किलोमीटरवर असलेल्या दाचीगामला ही अडचण नाही. दहा गावांवरून नाव पडलेल्या या 141 चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला 1910 पासून संरक्षण मिळाले ते वन्यप्राण्यांसाठी नव्हे, तर शहराला पिण्याचे पाणी शुद्ध मिळावे म्हणून. तेथील हंगूल हरणे आणि दगवान ओढ्याकाठचे पक्षी हे त्या पाण्याच्या निमित्ताने वाचले. पुढे 1981 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. ओढ्याचे पाणी बर्फाचे असल्याने हात घातला तर बोटे बधिर होतात, आणि त्याच पाण्यावर वाकलेल्या तुतीवर नर्तकाची वाटी असते. पांढरे नर येथे डोळ्यांत भरतात, कारण गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर त्यांच्याइतके पांढरे त्या मोसमात फक्त डोंगरावरचे बर्फ असते. नुवारा एलियाच्या नाल्यावर दिसलेला काश्मिरी माशीमारही याच रानात वीण करतो. त्याची शीळ वरच्या उताराच्या झाडीतून ऐकू आली, पक्षी दिसला नाही.

दगवानच्या काठी एका विलोच्या खालच्या फांदीवर, घरटे सोडून दोन-तीन दिवस झालेली तीन पिल्ले ओळीने बसलेली होती. तिघांचेही अंग तांबूस, तिघांच्याही शेपट्या बोटभर, तुऱ्याच्या जागी उगवती खुरटी पिसे. पांढरा बाप आणि तांबूस आई आळीपाळीने येऊन चोचीतला चतुर एकेकाच्या घशात कोंबत होते, आणि भरवणाऱ्यांना जे ठाऊक असण्याची गरज नव्हती ते पाहणाऱ्याला ठरवता येत नव्हते, की यांतले नर किती आणि माद्या किती. सप्टेंबर उजाडण्याच्या सुमारास ही तिन्ही पिल्ले आईबापांच्या मागोमाग खोरे सोडतात, आणि पहिल्या हिवाळ्यात दख्खनमध्ये किंवा कोकणात उतरतात तेव्हाही त्यांतला नर जवळजवळ मादीसारखाच असतो. गळ्याचा राखाडी रंग थोडा अधिक काळवंडलेला आणि डोळ्याभोवतीचे कडे थोडे अधिक निळे, एवढाच काय तो फरक, आणि तोही दुर्बिणीत उजेड चांगला असेल तरच दिसणारा. कर्नाळ्याच्या नोंदीतील ‘माद्या, 2’ या शब्दांवर त्या संध्याकाळी रेघ ओढली गेली आणि तेथे ‘तांबूस, आखूड शेपटीचे, 2’ असे लिहिले गेले.